मनगट

प्रज्वला कूलरसमोर लॅपटॉप मांडते,
म्हणते, मामा, हे बघा, परीक्षेला आहे:
परदेशातल्या एका देवळाची भिंत, सहाशे वर्षांपूर्वीची.
ओळीनं माणसं. धर्मगुरू, राजा, सावकार,
पाटी घेतलेली बाई, पाळण्यातलं लेकरू,
आणि दर दोघांच्या मध्ये एक सांगाडा,
नाचत.

मेडिकलच्या शरीररचना विभागात
एकतीस वर्षं मी सांगाडे जोडले.
हाडं उकळायची, ऊन दाखवायचं, तारेत ओवायची.
माझी नजर आधी चुकीवर जाते.
बरगड्या एका बाजूला दहाच.
मांडीत दोन हाडं.
कंबर म्हणजे नुसतं सूप.
म्हटलं, ह्यानं सांगाडा पाह्यलाच नाही, पोरी.
ती म्हणाली, कुठून पाहणार?
त्यानं फक्त मरणारे पाह्यले.

आणि हा तो की ती?
म्हणाली, देशागणिक बदलतं.
जर्मनीत बाप्या. इटलीत बाई,
केस मोकळे, हातात विळा.
आपल्याकडं, मी म्हटलं, ते मरण.
रेड्यावर बसून येतो तो वेगळा,
त्याला आपल्या घरात कधी पाट मांडला नाही.
हे नुसतं ते.
ते आलं, ते टळलं, ते स्वस्त झालं.
जसं मांजर. जसं पाखरू.
जसं लेकरू.

आमच्या हॉलमधल्याला पोरं वामनराव म्हणत.
तोंडात बिडी खोचून फोटो काढत.
मी बिडी काढून घ्यायचो.
मला माहीत होतं तो कुठला:
बेवारस, नागपूर स्टेशन, फलाट सहा, जानेवारी.
डावी नळी कधीतरी मोडून वाकडी जुळलेली.
लंगडत असणार.
त्याला कुणी नाचात घेतलं नसतं.

प्रज्वला चित्र मोठं करत गेली
तेव्हा दिसलं.
सांगाडे हात धरत नाहीत,
मनगट धरतात.
राजाचं, सावकाराचं, पाटीवालीचं,
अंगठा आतून, बोटं बाहेरून.
हे मात्र बरोबर होतं.
बरगड्या न मोजलेल्या माणसानं
हे कुठंतरी जवळून पाह्यलं होतं.

आठ हाडं असतात तिथं, खड्यांएवढी,
तार ओवताना अख्खी दुपार खातात.
तिथंच नाडी सापडते, तिथंच बांगडी अडते,
तिथंच धरून आईनं मला
कॉटन मार्केटच्या चौकातून पलीकडं नेलं,
ट्रक, हातगाड्या, संत्र्यांच्या पेट्या.
हात घामानं सुटतो, म्हणायची.

वॉर्ड तेवीस. कौतुकाची शेवटची रात्र.
केरळची सिस्टर तिचं मनगट धरून
भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत होती.
ओठ हलत होते. आकडे तिच्या भाषेत.
मग ओठ थांबले.
मनगट तिनं लगेच सोडलं नाही.
कितीतरी वेळ सोडलं नाही.

मामा, इथं टोकाला जागा रिकामी का असेल?
ओल लागून रंग उडाला असेल, मी म्हणतो.
कूलरमधलं पाणीही संपलंय,
वाळ्याची ताटी कोरडी खडखडतेय.
बादली आणायला उठतो,
गुडघा कुरकुरतो.
प्रज्वला हात देते.
तसा नको, मी म्हणतो,
इथून धर.