महिन्यातला दुसरा मंगळवार

आधी स्टेपल काढते.
कोपऱ्यातली ती एवढीशी तार आत चालत नाही.
स्पायरल नाही, पुठ्ठ्याची बांधणी नाही,
जाड पाठीचं पुस्तक तर नाहीच.
कायदा आत जातो तो असा, सुटा सुटा,
कोपरे दुमडून एकमेकांना धरलेला.

मिनेसोटाच्या उत्तरेला साठ मैल बर्फ,
दोन्ही हातांना बर्चची झाडं,
एक पेट्रोल पंप, मग कुंपण.
दाराशी बूट काढते. तेवीस वर्षं झाली,
पहारेकरी रस्क अजूनही
ओळखपत्रावरची मी आणि समोरची मी
यांचा कीस पाडत बसतो.

शहाण्याने म्हणे कोर्टाची पायरी चढू नये.
इथले सगळे चढून, उतरून,
तिच्याही खाली आलेले.
एक टेबल, दोन खुर्च्या, माणशी पंधरा मिनिटं
आणि माझं पाठ वाक्य:
मी माहिती देते, सल्ला देत नाही.

जमार टीग निकाल मागतो नावानिशी, पान क्रमांकासकट,
दुकानात खिळे मागावेत मापाने, तसा.
म्हातारा एल्रॉय स्कोग दर वेळी एकच विचारतो,
तळ्यावरचा बर्फ किती जाड झालाय.
हे माझ्या अखत्यारीत येतं का, ठाऊक नाही.
चौदा इंच, सांगते. तो लिहून घेतो.

तोंग लोरची चिठ्ठी पेन्सिलीतली:
अपिलाची मुदत किती, कधीपासून मोजायची.
खाली त्याच्या निकालाची तारीख.
टेबलाखाली बोटांवर मोजलं.
पुन्हा मोजलं, दुसऱ्या हाताच्या.
नऊ दिवसांपूर्वी टळलेली.

तोंड उघडलं होतं मी.
त्या पाठ वाक्याने ते मिटवलं.
कलम काढलं, पान सरकवलं.
ओळीखाली नख फिरवत, ओठ हलवत
तो वाचत गेला, सावकाश,
घरच्यांना कुणाचं पत्र वाचून दाखवावं तसा.
'दिवसांच्या आत' पाशी नख थांबलं.
भिंतीवर कॅलेंडर नव्हतं. त्याला गरजही नव्हती.

रस्कने घड्याळाकडे पाहिलं.
मीही पाहिलं, दुसरीकडे कुठे पाहू?

मग तो म्हणाला,
याची अजून एक प्रत मिळेल?
माझ्या वरच्या बंकवर एक पोरगा आलाय,
गेल्या आठवड्यातच शिक्षा झालीय.
वाचता येत नाही त्याला. मला येतं.

नियम असा: ज्याची मागणी, त्याचीच सही.
एकाने दुसऱ्यासाठी मागायचं नाही.
आडनाव काय त्याचं?
ते विचारलंच नाही, म्हणाला,
रात्री विचारतो.

फॉर्मवर नावाची जागा मोकळी ठेवली.
प्रत दिली.
कोपरा या वेळी दोनदा दुमडला,
वरच्या बंकपर्यंत जाईस्तोवर
सुटू नये म्हणून.