खिशातला गळ

उम्म अल क्वैनच्या जुन्या बंदरामागे
कोयाक्काच्या दुकानात मी खिशातून गळ काढला
आणि काउंटरवर ठेवला. बोटभर लांब, कुसळ शाबूत.
"घ्यायला आलास की विकायला?"
म्हटलं, परीक्षा घ्यायला.

त्यानं भिंतीवरची एकेक पक्कड उतरवली.
पहिली चकचकीत, लग्नात मिळालेल्या चमच्यासारखी.
गळ दातांत धरून दाबली,
तर गळावर ओरखडा आणि तिच्याच दाताला खाच.
दुसरी कापायची, पण आखूड.
आखूड म्हणजे माझं मनगट
मुशीच्या जबड्यापासून वीतभर.
वीतभर म्हणजे किती ते रोडेलला विचारा,
त्याची दोन बोटं अजून मिटत नाहीत.
मग मी कोयाक्काकडून खोबरेल मागून घेतलं,
तळव्यांना चोळलं, आणि तिसरी धरली.
बोटीवर हात कोरडा कधी असतो?
साबणाच्या वडीसारखी सटकली.

मागच्या शुक्रवारचं मी त्याला सांगितलं नाही.
माझ्याहून लांब मुशी होती,
पाहुणा फोटो काढत होता,
आमच्या पकडीची खीळ गंजून जाम.
सालेम ओरडला, तार काप!
कापली.
जबड्यात गळ आणि मागे हातभर तार
ओढत ती खाली गेली.
रात्री खोलीत पडल्यावर
माझी जीभ सारखी
ओठाच्या कोपऱ्याकडे जात होती.

चौथी लांब दांड्यांची, दुहेरी सांध्याची.
लाल मूठ, पाण्यात पडली तरी दिसणारी,
टोकाला दोरी ओवायला भोक.
गळ ठेवला, दाबलं.
सुपारी फुटावी तसा आवाज,
आणि अर्धा गळ उडून कुठे गेला कळेना.
कोयाक्का म्हातारा माणूस, तरी गुडघ्यांवर बसला
आणि रिळांच्या खोक्यांखाली बॅटरी मारून शोधत राहिला.
संध्याकाळी त्याचा नातू इथे अनवाणी फिरतो.
सापडेपर्यंत त्यानं पैसे घेतले नाहीत.

एकशे वीस दिरहम. घरी साठ सांगितले.
रंजिता म्हणाली, "साठ? आणि ते धरलेला मासा सोडायला?"
हर्णैच्या लिलावात उभं आयुष्य काढलेली बाई,
तिला काय सांगणार.
म्हटलं, इथल्या लोकांची हौस.
अर्धं खरं होतं.

आज पहाटे समुद्र सपाट, निवत ठेवलेल्या पेजेसारखा.
खारफुटीच्या बेटापलीकडे पुन्हा मुशी लागली.
ही ती नव्हे. जबड्यात जुनी तार नव्हती,
मी आधी तेच पाहिलं.
वर काढली नाही. बोटीच्या कडेला, पाण्यातच,
रोडेलनं शेपटीजवळ धरलं,
सालेमनं बोट हळूहळू पुढे घेतली
म्हणजे तोंडातून पाणी वाहत राहील.
पाहुण्याला म्हटलं, फोटो नंतर.
आणि मला बाबांचा अंगठा आठवला,
त्यात गळ रुतला होता तेव्हा काका म्हणाले होते,
आला तसा जात नाही, उलटा ओढू नका.
पुढे ढकलून, कुसळ कातडीबाहेर आल्यावर
त्यांनी ते लोहाराच्या कात्रीनं तोडलं होतं.
बाबा ओरडले नव्हते, फक्त शेजारचं भांडं
पायानं उलथं झालं होतं.

टक्.
उरलेला गळ मागच्या मागे सुळकन निघाला.
ती लगेच गेली नाही. बोटीला लागून
थोडा वेळ नुसती होती,
मग शेपटीच्या एका फटक्यानं
मला कोपरापर्यंत भिजवून
हिरव्यात, गडद हिरव्यात.

दुपारी बाबांना फोन केला.
"किती भरली?"
तोलली नाही. सोडली.
पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं,
तेवढंच ऐकू येत राहिलं.
मला वाटलं, फोन ठेवला.
मग म्हणाले,
"पुढे ढकलून तोडलास ना?"