तीन थेंब, रात्री झोपताना

घोडबंदर रोडच्या क्लिनिकात
डॉक्टर मृण्मयीनं पांढऱ्या पेन्सिलीनं
माझ्या कपाळावर पाच ठिपके दिले,
रांगोळीआधी देतात तसे, मोजून.
म्हणाली, आता भुवया वर. आता रागवा.
रागावले. अठ्ठावीस वर्षं मास्तरकी केलीय,
सांगाल तेव्हा रागावता येतं.

"वीसेक युनिट लागतील.
मग चार महिने कपाळ एकदम गप्प."

पैसे द्यायला फोन काढला होता,
तिथंच हात थांबला.

कोलबाडच्या आमच्या शाळेत
मुलं मला कपाळावर ऐकतात.
राबोडीची हुमेरा, कळव्याचा शार्दूल,
येऊरच्या पाड्यावरून येणारी सोनकी.
कुणाच्या कानामागे मशीन आहे,
कुणाच्या मशीनचे सेल महिनाअखेरीस संपलेले.
हातांनी मी म्हणते: जेवण. झालं.
भुवया उचलल्या तर तो प्रश्न.
नाही उचलल्या तर नुसती बातमी.

म्हणजे चार महिने मी बातम्याच देत राहणार.
जेवण झालं. पोट दुखतंय. बाबांनी मारलं.
आणि पोरं मान डोलावणार,
बाई म्हणतात म्हणजे झालं असेल.

ठिपके ओल्या कापसानं पुसून घेतले.
लिफ्टच्या आरशात एक राहिलेला दिसला,
उजव्या भुवईवर. तो थुंकीनं पुसला.

आमच्या जाऊबाईंनी, उत्तरानं, घेतली होती इंजेक्शनं
लेकाच्या लग्नाआधी.
दिसत होती छान, खोटं कशाला बोलू.
सुनेनं माप ओलांडलं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं तिच्या,
बाकीचा चेहरा मात्र
परगावी गेल्यासारखा.
फोटो उत्तम आले.
मला त्या फोटोंचा हेवा वाटला, तेही लिहून ठेवते.

म्हणून घंटाळीच्या केमिस्टकडून ही तपकिरी बाटली.
तीस मिली, अठराशे नव्वद,
खोक्यावर 'सुईला पर्याय', आणि खाली
मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही.
चोळायचं नाही, थोपटायचं,
तान्ह्या बाळाला थोपटावं तसं स्वतःलाच.
पहिल्या आठवड्यात चुरचुरलं.
दुसऱ्यात साल निघाली, नव्या बटाट्यासारखी.
हेमंतला म्हटलं, काही फरक?
त्यानं चष्मा वर सरकवला, नीट पाहिलं.
"कशात?"
त्याच्या भुवया व्यवस्थित चालतात.

सहाव्या आठवड्यात बोटाला कळलं, डोळ्याला नाही:
कातडी मऊ झाली होती.
रेघा तिथंच, तिन्ही,
फक्त पेनच्या होत्या त्या
पेन्सिलीच्या झाल्या होत्या.

मंगळवारी हुमेरानं वर्गातच मला अडवलं.
माझ्या कपाळाकडे बोट. लाल. भाजलं?
भुवया पार केसांपर्यंत वर,
सात वर्षांचं कपाळ, आणि त्यावर
तीन रेघा, हुबेहूब माझ्या,
माझ्याकडूनच शिकलेल्या.
मग भुवया खाली आल्या
आणि रेघा गेल्या,
कसलाही थेंब न लावता.

मी हातांनी सांगितलं: औषध. म्हातारी. नको.
ती बघत राहिली.
बाई विचारतायत की सांगतायत
हे तिला ठरवता येईना,
मग शार्दूलनं तिची पट्टी घेतली आणि ती पळाली.

बाटली अजून अर्धी आहे.
सुरकुत्या मला आवडतात वगैरे मी म्हणणार नाही.
आज वह्या तपासता तपासता साडेअकरा झाले.
आरशापुढे उभी राहते,
भुवया वर करून बघते: जेवण झालं?
मग थेंब मोजते.
चौथा चुकून पडला.
तोही थोपटला.