हात

वेल्समधल्या आमच्या ब्रिनहेल्ग हॉल्टवर
गाडी थांबत नसे, थांबवावी लागे.
दीड डब्याएवढा फलाट, मागे मेंढ्यांचं कुंपण
आणि पाटी: गाडी हवी असल्यास हात दाखवा.

म्हणून लहानपणी आम्ही
गाडीला कधी टाटा केला नाही.
जगातली पोरं करत असतील.
आमच्याकडे हात हलला की
सत्तर टन लोखंड कळवळत उभं राहायचं,
दार उघडायचं, गार्ड विचारायचा, कुठं?
योर्वर्थनं केला एकदा, सहा वर्षांचा असताना.
आईनं तिकीट काढलं,
त्याला पुढच्या स्टेशनावर उतरवलं
आणि सव्वातीन मैल चालवत परत आणलं.
"हात दाखवणं म्हणजे शब्द देणं," एवढंच म्हणाली, वाटेत.

गेल्या हिवाळ्यात नारिंगी जाकिटं आली.
लाकडी स्लीपर गेले. ते कुणीतरी बागेसाठी नेले.
टेग्विनबाई एकतीस वर्षं
ड्रायव्हरच्या हातात टोकन देत होत्या,
त्या केबिनला कुलूप लागलं.
अजून दहा चाळीसला
उजवा खांदा आपोआप उचलतो म्हणतात.

सात मिनिटं वाचली, असं पत्रक सांगतं.
बुधवारची दुपारची गाडी गेली, दवाखान्याची.
रात्रीची एक वाढली.
आणि खांबावर निळं बटण:
दाबलं की दिवा लागतो,
ड्रायव्हरला दोन मैल आधीच कळतं.
पावसात हात बाहेर काढायला नको.
मी तक्रार करत नाही. फलाट उंच केलाय,
आईची चाकांची खुर्ची आता
सरळ आत जाते, कुणाला उचलावी लागत नाही.

पण त्या पहिल्या सोमवारी
आम्हाला कुठंच जायचं नव्हतं.
नवी गाडी बघायची म्हणाली, म्हणून आणली होती.
बटण दाबलं नाही.
वळणावर हिरवा डबा दिसला, आवाज जवळजवळ नाहीच,
आणि शालीतून तिचा हात निघाला.
वर. मग डावीकडे, उजवीकडे,
नुकतंच शिकलेल्या माणसासारखा.

आत एल्फेड होता, जुन्यांपैकी शेवटचा.
ब्रेक एकदा चावले,
क्षणभरच,
मग त्याला आठवलं असावं.
गाडी गेली.

"थांबला असता तर?" मी विचारलं.
"गेलो असतो," आई म्हणाली.