लोणा

मनाम्यातल्या जुन्या चर्चच्या उत्तर भिंतीला
पुन्हा लोणा लागला, म्हणून कमिटीने मला बोलावलं.
उजागरे, तुम्ही प्लास्टरमधले, बघा जरा,
असं म्हणून कुरुविलांनी किल्ल्यांचा जुडगा दिला
जशी काही भिंतच माझ्या नावावर केली.

शुक्रवार होता.
इथे प्रभूचा दिवस शुक्रवारी येतो, सुटी त्याच दिवशी असते.
सकाळी सातला तमिळ, नंतर मल्याळम, अरबी, कोरियन,
आणि महिन्यातून एकदा, दुपारी तीनला,
कुणालाच जागा नको असते तेव्हा,
आम्ही एकवीस मराठी आणि एक पेटी.
दारावरच्या वेळापत्रकात आमची ओळ अजून पेन्सिलने आहे.

छिन्नी लावली.
वर सिमेंट, सत्तरच्या आसपासचं, तेलाचा पैसा नवा होता तेव्हाचं.
त्याखाली जिप्सम, खडूसारखं, नखाने निघणारं.
त्याखाली दगड.
दगड कसला, समुद्राचा तुकडाच,
ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभं राहून कापलेला,
पोळ्यासारखा सच्छिद्र,
एका भोकात शिंपला, अजून मिटलेला.

आमच्याकडे वडाळ्याचं देऊळ काळ्या दगडाचं.
त्या दगडाला काही विचारलं तर तो उत्तर देत नाही.
हा बोलतो, आणि बोलतो ते मीठच.

वर पाहिलं. छताला खारफुटीचे वासे,
आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतात आलेले.
वासा दहा फुटांपेक्षा लांब मिळत नसे,
म्हणून मधे खांबांच्या दोन ओळी,
म्हणून मागच्या बाकावरून पाळक अर्धाच दिसतो.
देवळाची रुंदी एका झाडाने ठरवली.
दार मलबारी सागाचं, हे कुरुविला दोनदा सांगतात.

फीत धरली तर माप जुळेना.
पूर्वेच्या कोपऱ्यात भिंत वीतभर आत वळलेली.
गवंड्याची चूक, असं मी वहीत लिहिलं.

बाहेर सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर हाजी मन्सूर.
ऐंशीच्या पुढचे, हिंदी बरी बोलतात.
म्हणाले, तिथे आमची विहीर होती.
मोती काढणारे फुटलेले कान घेऊन
तुमच्या दवाखान्यात रांग लावायचे
आणि पाणी आमच्याकडे प्यायचे.
भिंत विहिरीवर आली तेव्हा आजोबांनी पादऱ्याला विचारलं,
तुमचा देव काटकोनातच बसतो का?
पादरी खूप वेळ हसला.
दुसऱ्या दिवशी उस्ता खलफने दोरी सरकवली.

विहिरीवर आता गाड्या उभ्या असतात. वळण आहे तिथेच आहे.
मनोरा नाही, बाहेर क्रूसही नाही,
शेजारच्या मशिदीहून उंच जायचं नाही
असं कुठल्या कागदावर लिहिलंय का, मी विचारलं.
कुरुविलांनी खांदे उडवले.
मराठीत याला शब्द आहे, शेजारधर्म,
पण तो त्यांना मल्याळममध्ये कसा सांगायचा.

वहीतली चूक मी खोडली.
खाली अहवाल लिहिला:
सिमेंट काढावे. भिंतीचा श्वास कोंडतो.
चुन्याचा गिलावा करावा, पातळ, दर पाच वर्षांनी.
लोणा पूर्ण जाणार नाही.
भराव टाकून टाकून समुद्र दोन किलोमीटर मागे सारला आहे,
दगडाला कुणी कळवलेलं नाही.

तीन वाजले. ओहोळांनी पेटी उघडली,
वाळूमुळे काळी चार अडकते, ते ती टाळून वाजवतात,
आम्हीही आता ती टाळूनच गातो.
नर्सच्या ड्युटीवरून थेट आलेली सुवार्ता पंडित
गणवेशातच डोळे मिटून.
बाकाखाली माझी थापी, फीत, पिशवीत तो शिंपला.

प्रभुभोजनाची भाकर हातात आली,
जिभेवर ठेवली तर खारट.
हात धुवायचे राहिले होते.