रालामंडल, डबा क्रमांक चार

आकडे तेच आहेत.
उत्तरेचे, पूर्वेचे, दशांशचिन्हापुढचे तिन्ही.
फोन म्हणतो, तू पोचलीस.
मी घोट्यापर्यंत राखेत उभी
आणि पोचल्यासारखं काहीच नाही.

इशारा मीच लिहिला होता, नऊ वर्षांपूर्वी:
दोन खोडांच्या पळसाला पाठ लाव,
उगवतीकडे सात पावलं.
कुठला पळस?

भेरूलाल काठीनं उकरतो.
एप्रिलात तीन रात्री तो याच उतारावर होता,
ओल्या फांद्यांनी वणवा झोडपत.
त्याच्या भुवया अजून उगवतायत.

पहिला डबा प्लास्टिकचा. ओघळून
दगडाला चिकटलेला, वाळल्या शेंबडासारखा.
दुसरा दिसलाच नाही.
तिसऱ्यात कुणा पोरानं ठेवलेली गोटी, तडकलेली.
चौथा स्टीलचा, राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारातला,
झाकणावर दुकानदारानं टिंबाटिंबांनी कोरलेलं:
सौ. विभावरी रेगे.
ते फुगून बसलं होतं. दगडानं ठोकून काढलं.
आत वही, म्हणजे वहीचा आकार.
श्वास लागला तशी पानं उठली,
दीडशे माणसांच्या सह्या
माझ्या ओढणीवर येऊन बसल्या.
पेन्सिलीच्या लाकडाचा कोळसा.
शिसं मात्र होतं, बोटभर, शाबूत.

वही नवी घातली. डबा तोच.
आता इशारा.
जळका बुंधा लिहू? तो वाळवी नेईल.
काळी जमीन? ती दोन महिन्यांत हिरवी होऊन
मला खोटं पाडेल.
“झाड को कईं भरोसो,” भेरूलाल म्हणाला,
“भाटो लिखो.”
आणि दाखवला: गारगोटीची पांढरी रेघ असलेला खडक,
पळसाआड नऊ वर्षं
मला न दिसलेला.

लिहिलं. भाटोच लिहिलं, दगड नाही.
शोधणाऱ्यानं कुणाला तरी विचारत यावं.

मग पहिली सही माझी, तारखेसकट.
तो म्हणाला, सातही डबे ठाऊक होते, मॅडम.
लोक नीट झाकून जात नाहीत,
मागून मी झाकायचो.
मग वहीत कधी नाव कसं नाही?
“हूं तो ढूंढवा नी आयो थो.”

शिसं त्याच्या हातात दिलं.
माझी बोटं काळी झाली. त्याची होतीच.
बराच वेळ वही मांडीवर घेऊन बसला,
आणि नाव नाहीच लिहिलं.
लिहिलं: चार नंबर. सब ठीक.
खाली वेळ, गस्तीच्या रजिस्टरात घालतात तशी.
पावणेअकरा.