बर्डीवर लॅपटॉप घेताना

यादी मी आठवडाभर आधीच केली होती.
रॅम बत्तीस, नाहीतर सोळा, पण पुढे वाढवता आली पाहिजे.
पडदा चकचकीत नको, कारण हुडकेश्वरच्या आमच्या खोलीत
दुपारचं ऊन थेट टेबलावर येऊन बसतं.
तबस्सुमने पुण्याहून बजावलं,
"ग्राफिक्सच्या नादी लागू नको, आपण काय गेम खेळतो का?
एका वेळी सहा कंटेनर चालवायचेत. जुन्याचा जीव जातो."

जुन्याचा जीव रोज जात होता.
बिल्ड लावून मी कुकर लावायची,
तिसरी शिट्टी झाली तरी पट्टी त्र्याण्णव टक्क्यांवर.
मे महिन्यात त्याचा पंखा असा धापा टाकायचा
की कूलरने वळून बघावं.

बाबा म्हणाले, मी येतो.
कशाला, एवढ्या उन्हाचं?
"तू आतलं पाहून राहिली. वरचं कोण पाहीन?"

एकतीस वर्षं ते कोर्टासमोर बसले,
कडुनिंबाखाली, एक टेबल, एक स्टूल
आणि एक मराठी टाइपरायटर, ज्याचा क्ष पावसाळ्यात अडकायचा.
स्टॅम्पपेपरवर खोडायला जागा नसते.
एक काना चुकला की पक्षकाराचे शंभर रुपये पाण्यात
आणि शिव्या टाइपिस्टच्या वाट्याला.
माझ्या कामात मागे जायची कळ असते,
हवं तितकं मागे, काल संध्याकाळपर्यंतसुद्धा.
एकदा त्यांना हे सांगितलं होतं.
बराच वेळ ते काही बोललेच नाहीत.

दुकानात एसी, काचेचं टेबल, पाच लॅपटॉप,
ऋत्विक नावाचा घाईतला मुलगा.
तो पिढी सांगतो, कोअर सांगतो, बॅटरी चौदा तास.
मी विचारते, खालचं झाकण उघडतं का?
मेमरी खाचेत आहे की बोर्डालाच डकवलेली?
तो चाचरतो, आत विचारायला जातो.
तेवढ्यात बाबांनी दुपट्ट्याला बोटं पुसली,
खुर्ची ओढली
आणि डोळे मिटले.

पहिल्यावर म्हणाले, "बुळबुळीत."
दुसऱ्यावर, "याले तळच नाही."
तिसरा सगळ्यात पातळ, सगळ्यात महाग:
"हा दाबला काय अन् न दाबला काय."
चौथा जाडसर, राखाडी, वजन पावणेदोन किलो.
तिथे बोटं गेली आणि परत आली,
पुन्हा गेली.
खालून त्यांना कोणीतरी उत्तर देत असावं.

ऋत्विक वाकून हसला,
"काका, हा काय पासवर्ड आहे का?"
पडद्यावर होतं:
यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे.

मला हसू आलं नाही.
गेल्या वर्षी सहा महिने मी हेच केलं होतं,
जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले कुठल्याशा खात्याचे कागद
एकेक अक्षर सोडवून नव्या लिपीत आणणं.
यू म्हणजे न. के म्हणजे काना. एक्स म्हणजे ग.
आय प, डब्ल्यू दीर्घ ऊकार, जे र.
डोळे मिटून, परक्या कळांवर, एकही चूक नाही.
प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या तळाशी त्यांनी लिहिलेलं असायचं:
ठिकाण, नागपूर.

"नागपूर लिहिलंय," मी म्हटलं.
ऋत्विकने पडद्याकडे पाहिलं, मग बाबांच्या बोटांकडे.
बाबांनी डोळे उघडले. "मले तर इंग्रजीच दिसून राहिलं."

चौथ्याच्या पोटात खाचा दोन निघाल्या, एक रिकामी.
मी दीड हजार कमी करून घेतले, माऊस फुकट.

बाहेर शेहेचाळीस अंश. रस्ता पातळ होऊन हलत होता.
गाडीवर मागे बसून बाबांनी खोकं मांडीवर घेतलं,
डोक्याचा दुपट्टा सोडला
आणि खोक्याला गुंडाळला.
अहो, मी म्हटलं, तो नव्वद अंशांपर्यंत सहज सोसतो,
तुम्ही डोकं झाका.

"तरी," ते म्हणाले.